झोपाळ्याला वार्निश नको, तेल द्या

पडवीतल्या जुन्या सागवानी झोपाळ्याला दर दिवाळीला वार्निशचा हात मारायची पद्धत आता बंद करायला हवी. पडवीत तिरकं ऊन येतं, पावसाची झड येते. लाकूड फुगतं, आकसतं, पण वार्निशचा पापुद्रा तेवढा ताण सोसत नाही. कडेला तडकतो, तिथून पाणी आत शिरतं आणि खाली अडकून लाकूड काळं पडतं. मग पुढच्या वेळी सगळं खरवडत बसा! तेल आत मुरतं. त्याचे पापुद्रे निघत नाहीत.

तेल दिलेल्या फळीवर पाण्याचे चार थेंब टाका. मण्यासारखे उभे राहिले तर नवं तेल लावू नका. पाचेक मिनिटांत मुरून गडद डाग पडला, तर तेल संपलंय. काम डिसेंबर ते मार्चमध्ये उरका. मेअखेरच्या दमट हवेत तेल वाळत नाही आणि जूनमध्ये त्यावरच बुरशी धरते.

कड्या काढून फळी खाली घ्या, साबणाच्या पाण्याने धुवा आणि सावलीत दोन-तीन दिवस वाळवा. वर आलेले खिळे पंचने (खिळ्याच्या डोक्यावर धरून ठोकायच्या बोथट सळीने) दोन-तीन मिलिमीटर आत ठोका, नाहीतर पॉलिश पेपर फाटलाच म्हणून समजा. मग ८० नंबरचा पेपर, त्यावर १२०, शेवटी १८०; नंबर वाढेल तसा पेपर बारीक. घासायचं ते लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. आडवा मारलेला एकही ओरखडा कोरड्या फळीवर दिसत नाही, पण तेल लागलं की रेघेसारखा उठून येतो. म्हणून १२० झाल्यावर ओल्या फडक्याने फळी पुसून तिरप्या उजेडात पाहा. ओरखडे तिथेच सापडतात आणि पाण्याने उभे राहिलेले तंतू वाळल्यावर १८० ने निघून जातात. मशीन वापरत असाल तर दाबू नका, एका जागी थांबू नका, भोवरे उमटतात. ३२० पर्यंत गुळगुळीत करायचा मोह टाळा, तेल मुरायला जागा राहत नाही. स्टील वूल, म्हणजे पोलादाच्या बारीक तारांचा घासा, तर नकोच, त्याचे कण लाकडात अडकून गंजतात आणि काळे ठिपके पडतात. सागाची भुकटी घशाला लागते, मास्क लावा. फळीवर जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

तेल कोणतं? रंगाच्या दुकानात मिळणारं डबल बॉईल्ड लिनसीड, म्हणजे जवसाचंच. घाण्यावरचं कच्चं जवस तेल वाळायला आठवडा-दोन आठवडे घेतं. खोबरेल कधीच वाळत नाही. धूळ धरतं, खवट होतं आणि बसणाऱ्याच्या कपड्यांना लागतं. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल कातडी भाजतं, बसायच्या फळीला ते चालणार नाही.

सहा फूट बाय दोन फुटांच्या फळीला दोन्ही बाजू धरून अर्धा लिटर तेल पुरतं. पहिल्या हाताला तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं. फडक्याने चोळा, वीस मिनिटं थांबा आणि वर राहिलेलं सगळं पुसून काढा. बहुतेक फळ्या इथेच बिघडतात. जास्त तेल म्हणजे जास्त संरक्षण असं वाटतं, पण वर साचलेलं तेल चिकट साय धरतं. दुसरा आणि तिसरा हात नुसत्या तेलाचा, अगदी पातळ, मध्ये दोन-दोन दिवस सोडून. फळीची दोन टोकं मात्र पितील तेवढं तेल पाजा. पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं. खालची बाजू कोरडी ठेवलीत तर ओल दोन्ही बाजूंनी सारखी जात-येत नाही आणि फळी वाकते.

तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या पाण्यात बुडवा किंवा अंगणात एकेक पसरून वाळवा. फळीला आठवडाभर वारा लागू द्या, मगच कड्या अडकवा.