आधी प्रश्न ठरवा, मग कागद शोधा

सोलापुरात इतिहासाचा प्रकल्प म्हटलं की अनेक मुलांचा विषय ठरलेला: 1930 चा मार्शल लॉ, म्हणजे इंग्रज सरकारनं शहरावर लादलेला लष्करी कायदा. विषय आपला आहे, मोलाचा आहे. पण वही उघडली की चार हुतात्म्यांची नावं, येरवड्यातली फाशी, 12 जानेवारी 1931, आणि संदर्भ म्हणून एखादी वेबसाइट. त्या काळात लिहिलेला एकही कागद मुलानं पाहिलेला नसतो. याचं मला फार वाईट वाटतं, कारण कागद आहेत. मुंबईच्या पुराभिलेखागारात, म्हणजे जुने सरकारी कागद जपणाऱ्या कचेरीत, गृहखात्याच्या फायली आहेत, त्या दिवसांतले वर्तमानपत्रांचे अंक आहेत.

प्राथमिक साधन (म्हणजे अस्सल, थेट पुरावा) म्हणजे कुठलाही जुना कागद, असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलंय. ते खरं नाही. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, सोलापूर खंड 1884 चा. बाराव्या शतकातले संत सिद्धरामेश्वर समजून घ्यायला तो दुय्यमच. तिथे त्यांची कन्नड वचनं आणि शिलालेख गाठायला हवेत. पण इंग्रज सरकार इथल्या विणकरांकडे कोणत्या नजरेनं बघत होतं, हा तुमचा प्रश्न असेल, तर तोच खंड अस्सल साधन ठरतो. म्हणून आधी प्रश्न.

आणि अस्सल म्हणजे खरंच असं नाही. 1930 च्या गोळीबाराचा अहवाल लिहिणारा अधिकारी वरिष्ठांना उत्तर देत असतो. आठवणी सांगणारा कार्यकर्ता तीस वर्षांनी सांगत असतो. कुणी लिहिलं, कुणासाठी, कधी, हे विचारून दोन्ही शेजारी ठेवायचे. जिथे जुळत नाहीत तिथेच तर तुमचा प्रकल्प सुरू होतो!

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे, जिचा उपयोग आपण करतच नाही. हे शहर मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा भाषांत जगलंय आणि त्याचे जुने कागद मोडीतही आहेत. एकट्या मराठीवर विसंबून विणकरांचा इतिहास लिहिणं मला अपुरं वाटतं. शहराच्या पूर्व भागातला तेलुगू मित्र, कन्नड बोलणारी मैत्रीण गटात घ्या. मोडी तर नेटानं सराव केला की काही महिन्यांत लागते.

सुरुवात मात्र घरातून करा. आजोबांचं गिरणीतलं हजेरीकार्ड, पगाराची चिठ्ठी, विड्या वळणाऱ्या आजीचं कार्ड, मागाच्या कर्जाचे कागद. गिरण्या बंद पडल्या, त्यांचं दफ्तर कुठे कुठे गेलं कोण जाणे. घरातल्या या चिठ्ठ्या रद्दीत गेल्या तर कामगाराच्या बाजूचं फार थोडं उरेल. आजी-आजोबांशी बोला, त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, तारीख आणि जागा लगेच टिपून ठेवा.

यंदा प्रकल्प करणाऱ्यांनी असा कागद मिळाला तर फोटो पाठवा, वाचायला मी बसेन. फक्त पाठीमागची बाजूही काढा. शिक्का, सही, पेन्सिलीनं केलेला हिशेब बऱ्याचदा तिकडेच असतो.