'सर्व्हे भरा, रोज २ हजार कमवा' : खुलासा

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतंय : '४९९ रुपये नोंदणी भरा, घरबसल्या सर्व्हे करून रोज २ हजार मिळवा.' हे खोटं आहे. बाजार संशोधनात कंपनी मत देणाऱ्याला पैसे देते, त्याच्याकडून घेत नाही. फी मागितली की तिथेच थांबा.

रोजची कमाईही शक्य नाही. प्रत्येक सर्व्हेला ठरावीक माणसं लागतात. रावेरचा केळी उत्पादक हवा असेल तर चोपड्याचा दुकानदार पहिल्या दोन-चार प्रश्नांतच गळतो. घरात कुणी जाहिरात किंवा संशोधन क्षेत्रात आहे का, गेल्या ६ महिन्यांत अशा सर्व्हेत भाग घेतला होता का, हेही विचारतात; उत्तर 'हो' असेल तर सहसा वगळतात. खोटं उत्तर पुढच्या प्रश्नांत पकडलं जातं, मग पैसे अडकतात. ऑनलाइन सर्व्हेचे पैसे थोडेच. गटचर्चेला (काही जणांना एकत्र बसवून मतं विचारतात) बरे मिळतात, पण दीड-दोन तास बसावं लागतं.

सुरुवातीला १५०-२०० रुपये खात्यात टाकून मग टेलिग्रामवर 'प्रीपेड टास्क' (आधी स्वतःचे पैसे भरून करायचं काम) देतात, हा सापळाच. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसलात तर लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते आणि गोठवणं अवघड होतं.