जेवण ठीक होतं, पण...

विमानाच्या पहिल्या वर्गाने प्रवास करून आलात, तर सोसायटीच्या गेटमधून आत शिरण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. जेवण चांगलं होतं, हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. जेवण आवडलं म्हणणारा माणूस पहिल्यांदाच गेला होता, हे ठाण्यात घोडबंदर रोडवरचं शेंबडं पोरही सांगेल. "छान होतं" म्हणालात की संपलं. खांदे किंचित उडवायचे, नजर लिफ्टच्या आकड्यांवर ठेवायची आणि म्हणायचं, "ठीक. पूर्वीसारखं राहिलं नाही आता." पूर्वी म्हणजे कधी, असं कोणी विचारत नाही. विचारणाऱ्यालाही आपण गेलेलो नाही हे उघड करायचं नसतं.

तिकीट कंपनीने काढलं होतं, कार्डाच्या पॉइंटांवर मिळालं, की बिझनेस क्लास भरला म्हणून काउंटरवरच्या मुलीने तुम्हाला पुढे सरकवलं, हा तुमचा आणि बँकेचा खासगी मामला. गप्पांत तो आणू नका. खिशातून रोख मोजून गेलेला माणूस तक्रार करायला बसत नाही, तो अंथरूण धरतो.

ठाणेकराला खरं तर या बाबतीत फार शिकवावं लागत नाही. मध्य रेल्वेच्या फर्स्ट क्लासचा पास काढून, सेकंडच्या कितीतरी पट पैसे मोजून, आपण सकाळच्या फास्ट लोकलला अनोळखी माणसाच्या बगलेत नाक खुपसून उभे राहतो आणि तरीही शेजारच्या डब्याकडे जरा वरून बघतो. हाल तेच, भाव जास्त, आणि वर अभिमान. विमानात यात फक्त काटा-सुरीची भर पडते.

तयारी घरूनच करा. तिकीट निघालं की जेवणाचा प्रकार निवडायचा असतो आणि त्याचे चार अक्षरी कोड असतात. एव्हीएमएल म्हणजे आपल्या धाटणीचं शाकाहारी, व्हीजेएमएल म्हणजे जैन. तिसरा कोड जपून वापरा. एचएनएमएल, म्हणजे हिंदू जेवण, हे मांसाहारी असतं. त्यात गोमांस नसतं एवढंच. सासूबाईंना सोबत नेत असाल आणि त्यांनी ऐटीत "हिंदू" वर बोट ठेवलं असेल, तर संकष्टीच्या दिवशी समोर कोंबडी येईल आणि उरलेले सहा तास तुमच्याशी कोणी बोलणार नाही. ती शांतता हवी असेल तर गोष्ट वेगळी.

सिंगापूर एअरलाइन्ससारख्या ठिकाणी 'बुक द कुक' म्हणून सोय आहे. निदान २४ तास आधी कळवलं की तुमच्या पसंतीचा पदार्थ विमानात चढवतात. त्यातला लॉब्स्टर थर्मिडोर, म्हणजे साय-चीज घालून भाजलेला शेवंड, फार गाजलेला. तोच मागवा. आवडतो की नाही हा प्रश्नच गैरलागू आहे. न मागवल्यास नंतर कशाला नावं ठेवणार?

विमान अजून जागेवरच असतं तेव्हा शॅम्पेन येते. भारतातल्या देशांतर्गत उड्डाणांत दारू देतच नाहीत, त्यामुळे आपला सराव कमी पडतो. पेला घेण्याआधी बाटली बघायला मागा. एमिरेट्सवर असाल तर डॉम पेरिन्यों ही नामांकित शॅम्पेन असेल. लेबलवरचं साल वाचा, ओठ जरा पुढे काढा, "अच्छा, हे साल" म्हणा आणि गप्प बसा. काय पिऊन घ्यायचं ते जमिनीवरच पिऊन घ्या, हा मात्र सल्ला खरा आहे. वर गेल्यावर कोरड्या हवेने नाक बसतं, वाइनचा सुगंध विरतो आणि जिभेला आंबट-तुरटपणा तेवढा उरतो. म्हणजे तक्रारीचा माल आकाशात आपोआप तयार होतो, तुम्हाला काहीच करावं लागत नाही.

मग कॅव्हिआर. इथे जरा थांबू, कारण मराठी माणसाची खरी परीक्षा इथे आहे.

पांढऱ्या टेबलक्लॉथवर बर्फाचं भांडं येतं, त्यात बसवलेली छोटी डबी, भोवती किसलेलं अंडं, कांद्याचे अगदी बारीक कण, आंबट साय आणि रुपयाएवढी धिरडी. चमचा शिंपल्याचा. धातूच्या चमच्याने चव बिघडते म्हणून शिंपल्याचा. स्टर्जन नावाच्या माशाची ही खारवलेली अंडी. आता इथे तुमच्या मनात एक शब्द उसळी मारणार: गाबोळी. तो दाताखाली दाबून धरा. चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशी पापलेटाचा भाव पाडून देईनात तेव्हा आपण गाबोळी वर टाकून मागतो, आणि ती घरी हळद, तिखट, मीठ लावून रव्यात घोळवून तव्यावर परतली की ताट पुसून खातो. तिला कोणी शिंपल्याचा चमचा दिला नाही, शिंपल्यांचा ढीग तिच्या शेजारीच लागलेला असूनही. हे सगळं आठवलं तरी चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. आठ-दहा दाणे जिभेवर ठेवा, टाळूला लावून फोडा, खारं पाणी गिळा. केबिन क्रूने "कसं आहे?" विचारलं तर "ओव्हरसॉल्टेड नाही, हे बरं" म्हणा. तव्यावर दोन मिनिटं परतून द्याल का, असं अजिबात विचारू नका. तुमच्या आधी कोणीतरी विचारलेलं असतं आणि त्या मुलीला आपण ठाण्याचेच आहोत हे तेव्हाच कळलेलं असतं.

मुख्य जेवणाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ते विमानात शिजत नाही. जमिनीवरच्या मोठ्या भटारखान्यात आधीच शिजवून झपाट्याने थंड करतात, वर भट्टीत गरम हवेने पुन्हा तापवतात. एतिहादसारख्यांनी पहिल्या वर्गात टोपी घातलेला शेफ ठेवला, पण विस्तवावर कढई ठेवायची मुभा त्यालाही नाही. म्हणून रश्श्यातले पदार्थ तग धरतात आणि मासा, अंडं, मांसाचा कोरडा तुकडा यांची दैना होते. तेव्हा तुम्ही स्टेक, म्हणजे मांसाचा जाड तुकडा, मागवा, आणि तोही "मीडियम रेअर", आतून गुलाबी. तो तसा येणार नाही. सोसायटीत सांगायला एक वाक्य पक्कं झालं. एव्हीएमएल मागवलं असेल तर रुपेरी झाकण उचलल्यावर खाली पनीर मखनीचे चार तुकडे असतील, वर मलईची नक्षी, बाजूला जिरा राइस. हेच पनीर तुम्ही गेल्या मोसमात कापूरबावडीच्या प्रत्येक लग्नात खाल्लं आहे. फोटो काढताना झाकण चौकटीत येईल असं बघा.

आता शास्त्र. तक्रारीला शास्त्राचं पाठबळ असलं की ऐकणारा दबतो. विमान ३५ हजार फुटांवर असलं तरी केबिनमधली हवा साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या इतकी विरळ ठेवतात. म्हणजे तुम्ही कळसूबाईच्या माथ्याहूनही वर बसून जेवता. कळसूबाईवर पोहे गोड लागतात, कारण चढून जाताना दम निघालेला असतो. इथे तुम्ही आडवे पडून चढलेले असता. त्यात आर्द्रता वीस टक्क्यांच्याही खाली. जर्मनीतल्या होल्झकिर्शेन इथे फ्राउनहोफर संस्थेने एका जुन्या एअरबसचा तुकडा कमी दाबाच्या खोलीत बसवून, लुफ्तान्सा या विमान कंपनीच्या सांगण्यावरून, माणसांना आत जेवू घातलं. मिठाची जाण २० ते ३० टक्क्यांनी आणि साखरेची १५ ते २० टक्क्यांनी मंदावते, असं निघालं. शिवाय इंजिनाच्या घरघरीने गोडाची चव दबते आणि टोमॅटोसारख्या पदार्थांतली उमामी, म्हणजे रश्श्यासारखी भरीव चव, उठून येते, हे २०१५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाने दाखवलं. विमानात लोक टोमॅटोचा रस एवढा का पितात, त्याचं उत्तर बहुधा यात आहे.

हे सगळं क्लबहाउसमध्ये एका दमात सांगा. पण बँकेतून निवृत्त झालेले कोणी काका बसले असतील तर सावध राहा. ते शेंगदाणे चघळत विचारतील, "मग मीठ जरा जास्त घालायचं. लाखभर रुपये घेतात ना?"

"काका, घालतात. बऱ्याच ठिकाणी घालतातच."

"मग तक्रार कसली?"

याला "तुम्हाला नाही कळायचं" म्हणू नका, ते वार्षिक सभेत तुमच्या पार्किंगचा विषय काढतील. "एकदा तुम्ही पण जाऊन या, काका" एवढंच म्हणा. त्यांची बोलती बंद होते आणि वर तुम्ही आदराने वागल्यासारखं दिसतं.

खरा इलाज तुम्हाला माहीत आहेच. हातातल्या बॅगेत, पायमोज्याच्या आत, लसणाच्या चटणीची बाटली. सुकं खोबरं, तिखट, भरपूर लसूण. या चटणीवर ना दाबाचा परिणाम, ना घरघरीचा. फक्त ती दिवे मंद झाल्याशिवाय काढायची नाही. झाकण उघडल्यावर वास तीन सीट पुढे जातो, आणि जिथे एकूण सीटच मोजक्या असतात तिथे तो मालकासकट ओळखू येतो. पलीकडच्या कोटवाल्या साहेबाने मान वर करून बघितलं तर घाबरू नका, त्याचंही लॉब्स्टर अळणीच लागत असतं. त्याला थोडी द्या, शिंपल्याच्या चमच्याने द्या, आणि तो चमचा आठवणीने परत करा. ही हकीकत ठाण्यात कोणालाही सांगू नका. जेवणातला एकमेव आनंद चटणीचा होता हे कळलं तर बाकीच्या तक्रारींचं वजन जातं.

चहाबद्दल एकच सांगतो. एवढ्या कमी दाबाला पाणी ९२-९४ अंशांनाच उकळतं, तेव्हा चहा उतरतच नाही. इथे मोठ्यांचा दाखला द्या: जेआरडी टाटा स्वतःच्या एअर इंडियाने जाताना बारीकसारीक टिपणं काढून अधिकाऱ्यांना धाडत, आणि विमानातल्या चहाचा रंग कॉफीहून वेगळा ओळखू येत नाही, हे त्यांनी एकदा लिहून कळवलं होतं. मालकानेच नावं ठेवलेल्या चहाला तुम्ही ठेवलीत तर कोण काय बोलणार?

इतिहासाचे दोन दाणे खिशात असू द्या. १९८७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने सॅलडमधलं एक ऑलिव्ह काढलं आणि वर्षाला ४० हजार डॉलर वाचवले. कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्याच्याही आधी, १९५८ मध्ये, अटलांटिक ओलांडताना स्वस्त वर्गात साधं सँडविचच द्यायचं असा कंपन्यांमध्ये करार होता. स्कँडिनेव्हियातल्या एसएएसने पावाच्या एका चकतीवर मांस, मासे, भाज्या यांचा असा डोंगर रचला की अमेरिकेच्या पॅन ॲमने दाद मागितली, सँडविच कशाला म्हणावं यावर थोरामोठ्यांच्या बैठका झडल्या आणि एसएएसला दंड बसला. आपल्या सोसायटीत गच्चीवर पापड वाळवणं हे "वापर" की "अतिक्रमण" यावर जी सभा झाली, तिच्या सभासदांना ही गोष्ट फार आवडते. आणि "पूर्वीसारखं राहिलं नाही" याला पुरावा लागलाच तर १९६७ काढा. एअर इंडियाने पहिल्या वर्गाच्या पाहुण्यांना द्यायला साल्वादोर दाली या स्पॅनिश चित्रकाराकडून ॲशट्रे घडवून घेतली, त्याने मोबदल्यात हत्तीचं पिल्लू मागितलं, आणि कंपनीने ते बंगळूरहून खरोखर पाठवलं. आता पायजमा आणि क्रीमची ट्यूब देतात.

आणखी एक धोका राहिला. नवी मुंबईत उलव्याचा नवा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात सुरू झाल्यापासून आपल्याकडे जाणकार वाढलेत. लिफ्टमध्ये कधी तुमच्याहून जास्त फिरलेला माणूस भेटेल आणि "कोणतं साल होतं शॅम्पेनचं?" म्हणून विचारेल. अशा वेळी मजला आपला नसला तरी उतरा, वरचा जिना चढा.

घरच्या आघाडीवर मात्र यातलं काही चालत नाही. तिथे तुम्ही सोफ्यावर टेकून वाइनचा आंबटपणा, अळणी स्टेक, चहाचा रंग असं सगळं व्यवस्थित सांगत असता, आणि बायको बॅगेतली चटणीची रिकामी बाटली, मेनूकार्ड आणि खिशात कोंबलेले चॉकलेटचे चार कागद बाहेर काढून ओळीने मांडते.

"एवढं वाईट होतं तर सगळं संपवलंत कशाला?"

याला शास्त्रात उत्तर नाही. आज टँकर किती वाजता येणार आहे ते विचारा.