पंचावन्न ते पासष्ट टक्क्यांची मुलं

दहावीचा निकाल लागला की आमच्या चौकात नव्वदच्या वर टक्के मिळवणाऱ्यांचे फ्लेक्स लागतात. नापास झालेल्यांसाठी पुरवणी परीक्षा असते, त्यांच्या मागे निदान गुरुजी तरी लागतात. पण ज्याला अठ्ठावन्न टक्के पडले त्याला घरात, शाळेत, गावात कुणी काही विचारत नाही. पास झाला ना, मग झालं.

मी अठरा वर्षं तालुक्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात आहे, त्यातली बहुतेक प्रवेशाच्या खिडकीत गेली. सिन्नरच्या पूर्वेकडच्या कोरड्या गावांमधून मुलं येतात. बाप माळेगाव एमआयडीसीत कंत्राटावर, नाहीतर दुसऱ्याच्या कांद्यावर मजुरीला. खिडकीवरून परत जाणारी मुलं बहुतेक या मधल्या टक्क्यांचीच असतात, आणि ती अभ्यासात कच्ची म्हणून परत जात नाहीत, हे मला आज लिहायचंय.

२०२४ च्या जूनमध्ये एक मुलगी आली. बारावीला एकसष्ट टक्के. तिला बीसीए, म्हणजे कॉम्प्युटरची पदवी, करायची होती. त्या वर्षापासून बीसीए, बीबीएला सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, लागू झाली होती, आणि तिने ती दिलेली नव्हती. "मॅडम, अशी परीक्षा असते हेच माहीत नव्हतं," एवढंच म्हणाली. तिच्या गावात ते सांगणार तरी कोण? ज्या घरात कुणी पदवीधर आहे तिथे ही माहिती जेवताना कानावर पडते. तिच्या घरी जेवताना पाण्याच्या टँकरची चर्चा होते. नाव, गाव, वडिलांचा फोन नंबर मी वहीत टिपून ठेवला. पुढे जागा रिकाम्या राहतायत म्हणून तीच सीईटी पुन्हा घ्यायचं ठरलं. मी फोन केला, तीनदा लागला नाही, चौथ्यांदा लागला. आज ती बीसीए करतेय. पण तो नंबर मी टिपून ठेवला नसता तर? एका मुलीचं शिक्षण ऑफिसातल्या बाईच्या वहीवर अवलंबून राहावं, याचा मला अजून त्रास होतो.

दुसरी अडचण कागदांची. ओबीसी दाखल्याला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला शोधा, तो नसेल तर गाव नमुना नंबर १४ मधली जन्ममृत्यूची नोंद काढा. त्यानंतर जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास. हे सगळं निकालानंतरच्या पंधरा दिवसांत सेतूच्या रांगेत उभं राहून होत नाही. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, असं असलं की महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती अडकते. शाळेच्या रजिस्टरमधलं नाव मुलगा शाळेत असतानाच दुरुस्त करून घेणं सोपं, दाखला हातात पडल्यावर तेच काम जिवावर येतं. म्हणून माझं म्हणणं आहे की कागदांचं काम नववीतच हाती घ्यावं.

मुलींच्या फीमाफीचंही तसंच. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ झाली. पण प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली. घाबरून आधीच पैसे भरून बसलेले बाप मी पाहिलेत. दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, त्याला एमएचटी-सीईटी लागत नाही. आयटीआयची दोन वर्षं करणाऱ्याला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जायची वाट आहे. अठ्ठावन्न टक्क्यांच्या मुलासाठी या चांगल्या वाटा आहेत, आणि नेमक्या त्यालाच त्या कुणी दाखवत नाही.

आणि प्रवेश झाल्यावर काय? ती बीसीएची मुलगी दिवाळीत भेटली. म्हणाली, "शिकवलेलं कळतं मॅडम, पण सर भराभर इंग्रजीत बोलतात, वहीत काय लिहू तेच समजत नाही." मी दोन दिवस त्या वाक्यावर विचार करत होते. दहा वर्षं आपण मुलांना फळ्यावरचं उतरवून घ्यायला शिकवलं. ऐकता ऐकता नेमकं तेवढं टिपून घ्यायचं, हे कुणी शिकवलंच नाही. मराठी माध्यमातल्या मुलाला त्वरण कळतं, अपवर्तन कळतं, छेद-अंश कळतात. ॲक्सिलरेशन, रिफ्रॅक्शन, डिनॉमिनेटर ऐकलं की तोच मुलगा गप्प होतो, आणि आपण त्याला साधारण ठरवून मोकळे होतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्याला सगळ्या जातींची पोरं एका वसतिगृहात ठेवली. पोराला नुसतं शाळेत घालून भागत नाही, त्याच्या राहण्याजेवणापासून सगळं बघावं लागतं, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आज राहण्याजेवणाला पैसे देणाऱ्या सरकारच्या स्वाधार, स्वयम् योजना आहेत, कॉलेजात कमवा आणि शिका आहे. योजना पुष्कळ आहेत, पोराचा हात धरून तिथपर्यंत नेणारं माणूस गावात नाही.

गेल्या वर्षापासून दर रविवारी दहा ते एक आम्ही तिघं नववी-दहावीच्या सतरा मुलांना घेऊन बसतो. निवडताना पहिल्या पाचांना मुद्दाम घेतलं नाही. पहिला तास कागदांचा, प्रत्येकाची फाइल आहे. मग एक जण दहा मिनिटं काहीतरी समजावून सांगतो, बाकीचे टिपून घेतात आणि टिपणं एकमेकांची तपासतात. शेवटी मराठी-इंग्रजी शब्द, दर वेळी पाच. सुरुवातीला एकही मूल प्रश्न विचारत नव्हतं. आता एक मुलगा, गणितात बेताचाच, दर रविवारी हात वर करतो आणि म्हणतो, "हे परत सांगा."

विज्ञानाचे शब्द शिकवायला आम्हाला अजून एक माणूस हवंय, महिन्यातून दोन रविवार. गावातल्या जुन्या मोडी नोंदी वाचता येणारं कुणी असेल तर फारच बरं, चार मुलांच्या पणजोबांची नावं अजून सापडायची आहेत. इनबॉक्समध्ये कळवा.