दोष आईच्याच माथी का?

आमच्या भावकीच्या ग्रुपवर सध्या एकच विषय चालू आहे: पोरं मोबाईल सोडत नाहीत. निकालही ठरलेला, "आईनं लाडावून ठेवलंय." मेलबर्नमध्ये बसून हे वाचताना मला राग येतो.

इथं ऑस्ट्रेलियात 10 डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, यूट्यूबवर खातं ठेवता येत नाही. नियम मोडला तर दंड कंपनीला, 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलाला नाही, आईबापाला नाही. पळवाटा आहेत, खातं नसलं तरी यूट्यूब दिसतंच. पण जबाबदारी कुणाची, हे एकदाचं ठरलं. व्हिक्टोरियातल्या सरकारी शाळांत तर 2020 पासून पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत फोन बंद असतात.

हे जसंच्या तसं मराठवाड्यात आणा, असं मी म्हणणार नाही. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातली किती कुटुंबं ऊसतोडीला जातात! पोरगं आजीजवळ राहतं. रात्री कारखान्याच्या तळावरून, कोपीतून म्हणजे झोपडीतून आईचा व्हिडिओ कॉल येतो, तेवढीच काय ती भेट. तो फोन कुणी कसा काढून घ्यावा?

माझी भाची अंबाजोगाईजवळ पाचवीत शिकते. तिचा गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. लॉकडाऊनमध्ये शाळेला लागलेली ही सवय अजून सुटलेली नाही. आई भाकरी थापत असते, पोरगी फळ्याचा तिरपा फोटो बोटांनी मोठा करकरून एकेक ओळ वहीत उतरवते. गृहपाठ संपतो, फोन हातातच राहतो आणि रील्स सुरू होतात. यात लाड कुठं आले? तोच गृहपाठ वर्गातच वहीत उतरवून घेतला, तर फोन हातात द्यायचं कारणच उरणार नाही.

एकट्या घराला हे झेपत नाही, गावाला झेपतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं पाहून 2022 मध्ये उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीनं संध्याकाळी 6 ते 8 टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचं ठरवलं होतं. शेजारच्या घरातही बंद असला की पोराची समजूत काढणं सोपं जातं.

जिल्हा परिषदेच्या शाळांत व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्क कायद्यानं तिच्यात पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. पुढच्या बैठकीत मोबाईलवरचा गृहपाठ बंद करायचा ठराव मांडा. आणि काका, त्या बैठकीला वहिनींना बोलू द्या.