ऐकू नका, मत मात्र ठेवा

तुम्ही गाण्यातले जाणकार आहात, किंवा निदान तसे दिसावं अशी तुमची मनापासून इच्छा आहे, असं धरून चालतो आणि चार समजुतीच्या गोष्टी सांगतो. 'द डॅम्ड' या ब्रिटिश पंक (म्हणजे वेगवान, खरखरीत, बंडखोर रॉक वाजवणाऱ्या) बँडचा १९८५ सालचा 'फँटास्मागोरिया' हा उपेक्षित अल्बम चुकूनही ऐकू नका. त्याच्याबद्दल मत मात्र जरूर ठेवा. मत ठेवायला ऐकावं लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांचा पाट आमच्या पंगतीत मांडलेला नसतो.

सुरुवात पाठांतराने करायची. डॅम्ड १९७६ साली लंडनमध्ये जमले. 'न्यू रोझ' ही त्यांची पहिली सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची तबकडी, २२ ऑक्टोबर १९७६ ला निघाली. ब्रिटिश पंकची ती पहिली सिंगल. सेक्स पिस्टल्स या गाजलेल्या पंक बँडची पहिली त्यानंतर पाच आठवड्यांनी आली. पहिला ब्रिटिश पंक अल्बमही यांचाच, फेब्रुवारी १९७७. अमेरिकेत जाऊन वाजवणारा पहिला ब्रिटिश पंक बँडही हाच. या तारखा अशा फेकायच्या, की स्टुडिओच्या दाराशी चपला सांभाळायला तुम्हीच बसला होतात. शक्य झालं तर त्या पहिल्या अल्बमच्या सुरुवातीच्या प्रतींवर मागच्या बाजूला भलत्याच बँडचा फोटो छापला होता, हेही हळूच सोडून द्या. 'चूक झाली' अशी पट्टी कंपनीने वर चिकटवली होती, आणि चूक अर्थातच ठरवून केलेली होती. ड्रमरचं नाव रॅट स्केबीज, म्हणजे मराठीत उंदीर खरूज. हे नाव घेताना हसायचं नाही. हसणारा नवखा.

एवढं झालं की चहाचा कप खाली ठेवा आणि म्हणा, "त्यांचं खरं काम पहिल्या अल्बमपाशीच संपलं." कुणीतरी १९७९ च्या 'मशिन गन एटिकेट'चं नाव काढेलच. तेव्हा न डगमगता म्हणा, "हो, म्हणजे तिथपर्यंत ठीक." कुणी १९८० चा 'ब्लॅक अल्बम' काढला तर आणखी एक पाऊल मागे घ्या. जाणकाराची सीमारेषा शेताच्या बांधासारखी असते, रात्रीतून हातभर सरकवता येते. फक्त १९८५ चा तुकडा आपल्या सातबाऱ्यावर येऊ द्यायचा नाही. ब्लॅक अल्बमचं मात्र जपून. त्यात 'कर्टन कॉल' नावाचं सतरा मिनिटांचं काळोखी गाणं आहे. ते कुणी लावलं, तर १९८५ मध्ये ही मंडळी 'अचानक बाटली' हा आपला सिद्धान्त जागच्या जागी कोसळतो. लावू देऊ नका. वेळ नाही म्हणा.

आता हुकमी एक्का. कॅप्टन सेन्सिबल. लाल बेरे टोपीवाला, कधी बॅलेचा झगा घालून स्टेजवर येणारा, आधी बास आणि मग गिटार वाजवणारा हा माणूस १९८४ मध्ये बाहेर पडला, आणि 'फँटास्मागोरिया' त्याच्याविना झाला. म्हणजे कॅप्टन नाही, तर डॅम्ड नाही. किती सुबक वाक्य आहे, बघा! त्यात एकच खडा आहे. पंकचा हा आत्मा १९८२ मध्ये ब्रिटनच्या सिंगल्सच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला तो 'हॅपी टॉक' गाऊन, आणि ते गाणं ब्रॉडवेच्या 'साउथ पॅसिफिक' या संगीतिकेतलं आहे. हा विषय निघाला तर छताकडे बघा. कॅप्टनने संगीतिकेतलं गाणं म्हटलं तर तो खट्याळपणा. मागे राहिलेल्यांनी एक ऑर्गन लावला तर ती फितुरी. असा न्याय आपल्याकडे घराणेदार गाण्याच्या मैफलीत बसणाऱ्यांना समजावून सांगावा लागत नाही.

मागे राहिले कोण? गायक डेव्ह व्हेनियन, ड्रमवर उंदीर, आणि वेल्सहून आलेले दोघं. रोमन जग नावाचा गिटार आणि कीबोर्डवर, ब्रिन मेरिक बासवर. या दोघांची नावं लक्षात ठेवू नका. 'ते दुसरे दोघं' एवढं पुरतं. अल्बमचा बराचसा रंग रोमन जगच्या कीबोर्डने भरला आहे हे एकदा कळलं, की 'दुसरे दोघं' म्हणताना जीभ अडखळते.

ही झाली पंकवाल्यांच्या पंगतीतली बोली. गॉथिक रॉकवाल्यांमध्ये, म्हणजे काळे कपडे आणि भुताखेतांच्या काळोखी गाण्यांचे शौकीन असलेल्या 'गॉथ' मंडळींमध्ये, बसायची वेळ आली तर मत तेच ठेवा, कारण तेवढं बदला. तिथे म्हणायचं, "हे खरं गॉथ नाही." का नाही? फार सुरेल आहे. लक्षात राहतं. काही गाण्यांवर चक्क नाचता येतं. मग व्हेनियनबद्दल नाक मुरडायचं, की हा पंकवाला बघा, फॅशन आली म्हणून काळा कोट शिवून बसला.

इथे वाचकहो, थोडी अडचण आहे, ती तुमच्यापासून लपवत नाही. व्हेनियन बँडमध्ये येण्याआधी कबरी खणायचं काम करायचा. विनोद नाही, पोटापाण्याचा धंदा म्हणून. ट्रान्सिल्व्हेनियाची शेपटी कापून त्याने स्वतःचं आडनाव केलं. १९७६ मध्ये बाकीचे फाटक्या शर्टांना सेफ्टी पिना लावत होते, तेव्हा हा पांढरा चेहरा आणि काळे कपडे करून ड्रॅक्युलासारखा उभा होता. गॉथची सुरुवात जिथून मोजतात ते बाउहाउस या बँडचं 'बेला लुगोसीज डेड' १९७९ चं. गॉथवाल्यांचा अड्डा, लंडनच्या सोहोतला बॅटकेव्ह क्लब, उघडला १९८२ ला. म्हणजे दुकानाची पाटी लागायच्या आधी सहा वर्षं जो गल्ल्यावर बसलेला आहे, त्यालाच आपल्याला विचारायचंय, "काय, नवीन का इथे?" आवाजात जरब असली की जमतं.

कव्हरकडेही बघू नका. फार वेळ जातो. बॉब कार्लोस क्लार्क या छायाचित्रकाराने लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत उभी केलेली तरुणी त्यावर आहे, सूझी बिक. पुढे ती काळोख्या गाण्यांचा गायक निक केव्ह याची पत्नी झाली. गॉथवाल्यांच्या दृष्टीने हे लग्न म्हणजे सोयरीक तोलामोलाची. केन्सल ग्रीनचं सांगायला लागलो तर आणखीच लांबेल. तिथे कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे आहे. प्रबोधनकारांनी 'ठाकरे'चं इंग्रजी स्पेलिंग त्याच्यावरून उचललं असं सांगतात, तोच हा. आणि तिथेच रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ टागोरही आहेत. एवढ्या मातब्बरांच्या शेजारात फोटो काढून घेणाऱ्या अल्बमला 'उथळ' म्हणायचं म्हणजे तोंड जरा वेंगाडावं लागतं, पण सवयीने येतं.

नावाचा अर्थ कुणी विचारला तर 'काहीतरी फ्रेंच' म्हणून उडवून लावा. खरं सांगायचं तर फँटास्मागोरिया म्हणजे दिव्याच्या पेटीतून पडद्यावर सांगाडे आणि भुतं नाचवण्याचे खेळ. अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये रॉबर्टसन नावाच्या गृहस्थाने असल्या खेळांनी लोकांची बोबडी वळवली होती. आपल्याकडे कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' सुरू केली ती याच जातीच्या पेटीतून. त्यांनी पडद्यावर भुतांऐवजी पुराणातल्या कथा आणल्या, हा आपल्या आणि त्यांच्या चवीतला फरक. शांबरिक खरोलिका! या अल्बमला याहून चांगलं मराठी नाव मिळणार नाही. पेटीत दिवा आहे, काचेवर रंग आहेत, धूर आहे, आणि भूत खोटं आहे हे दाखवणाऱ्यालाही माहीत आहे आणि बघणाऱ्यालाही. तरी अंगावर काटा येतो. पण हे तुम्ही बोलू नका. बोललात तर ऐकलंय असा संशय येईल.

आता खरा धोका. कधीतरी, कुणाच्या तरी घरी, हा अल्बम लागेलच. माझ्यावर हा प्रसंग पुण्यातल्या एका मित्राकडे आला. हा मित्र एलपींना प्लॅस्टिकची दुहेरी पिशवी घालतो आणि पाहुण्याने हात धुतल्याशिवाय कपाटाकडे येऊ देत नाही. बायकोने टाकलेल्या पोह्यांचा वास येत होता, आणि याने कड धरून, दोन तळहातांच्या मध्ये तोलत तबकडी ठेवली. सुई टेकली. चर्र झालं. मी आधीच चेहरा तयार करून बसलो होतो, तो ओठ एका बाजूला नेऊन करतात तो.

तुमच्यासाठी त्या वाटेवरच्या धोक्याच्या पाट्या लावून ठेवतो. पहिलंच गाणं 'स्ट्रीट ऑफ ड्रीम्स'. इथे घाट सुरू होतो. ड्रम्स मोठ्या दालनात वाजल्यासारखे येतात, व्हेनियन खर्जातून वर चढतो, आणि मग मध्येच सॅक्सोफोन घुसतो. सॅक्सोफोन, पंकवाल्यांच्या रेकॉर्डवर! इथेच कपाळाला आठी घाला, कारण नंतर वेळ मिळत नाही. लगेच 'शॅडो ऑफ लव्ह' येतं, घोडा दौडत यावा तसं, काउबॉयच्या सिनेमात वाजते तशी टणटणीत गिटार घेऊन. भूत घोड्यावर बसलंय आणि ते मजेत आहे, अशी काहीतरी ही भानगड आहे. मित्राच्या बायकोने दारातून विचारलं, "हे छान आहे, कोणाचं?" अशा प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही. ज्यांना बँडचं नाव माहीत नसताना गाणं आवडतं, त्यांच्यापासून आपल्या धंद्याला सर्वांत मोठा धोका आहे.

'सँक्टम सँक्टोरम' म्हणजे गाभारा. तिथे चर्चमधल्यासारखा ऑर्गन आहे आणि गायकाने लाजलज्जा सोडलेली आहे. गायकाने काळा अंगरखा घालून, हात पसरून, मनापासून आळवलेलं गाणं हे आपल्याला चालत नाही. आपल्याला उपहासाने आळवलेलं चालतं. हा मनुष्य उपहास करतोय का, असं मी तीन वेळा कान देऊन तपासलं. करत नाही. आणि थोडासा करतोही. त्या गाभाऱ्यात चपला घालून जायचं की काढून, हे शेवटपर्यंत ठरत नाही, म्हणून मी तरी बाहेरच उभं राहा असा सल्ला देईन.

त्या मानाने 'ग्रिमली फिएंडिश' सोपं. एका जुन्या ब्रिटिश चित्रकथेतल्या खलनायकाच्या नावावरून बेतलेलं, सर्कशीच्या बँडने स्मशानात मुक्काम टाकावा तसं टुणटुणीत. याला 'पोरकट' म्हणा, काम भागलं. 'इज इट अ ड्रीम' येईल तेव्हा खिडकी उघडायला उठा. गाण्यातच कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं होतं, त्यामुळे कुणाला संशय येत नाही.

खपाचे आकडे मात्र पाठ हवेत, कारण ते दोन्ही बाजूंनी चालवता येतात. अल्बम ब्रिटनच्या यादीत अकराव्या क्रमांकापर्यंत गेला. तीन सिंगल्स यादीत आल्या. बँडच्या अल्बमला याहून वरची जागा मिळाली ती थेट २०१८ मध्ये, 'ईव्हिल स्पिरिट्स' सातव्या क्रमांकावर गेला तेव्हा. म्हणून म्हणायचं, "विकले गेले." पाठोपाठ १९८६ च्या सुरुवातीला याच चौघांनी बॅरी रायनचं १९६८ चं 'एलोईझ' गाऊन सिंगल्सच्या यादीत तिसरा क्रमांक गाठला, म्हणजे तर पारच विकले गेले. त्याच वर्षीचा 'एनीथिंग' हा अल्बम चाळीसच्या आसपास अडखळला, तेव्हा म्हणायचं, "बघा, लोकांनीही नाकारलं." खप झाला तर बाजारू, नाही झाला तर टाकाऊ. डबल बारी आहे, कुठूनही जिंका.

आणि कुणी चिकित्सकाने विचारलंच, की अकराव्या क्रमांकावर गेलेला अल्बम उपेक्षित कसा काय? त्याला एवढंच सांगा, की ज्यांनी तो १९८५ मध्ये पैसे देऊन घेतला ते पोरंपोरी चेहरा पांढरा करून नाचायला निघून गेले. 'सर्वकालीन महान शंभर' अशा याद्या लिहायला जे घरी बसले होते, त्यांनी तो घेतलाच नव्हता. पंकच्या इतिहासात हा बँड १९७७ ला दारातून आत येतो आणि गॉथच्या इतिहासात त्याला दाराशीच थांबवतात. मधल्या ओसरीवर हा अल्बम बसलेला आहे, आणि दोन्हीकडचे यजमान म्हणतात, पाहुणा तुमच्याकडचा ना?

शेवटचं 'ट्रोजन्स'. यात गायकच नाही, नुसतं वाजवणं. इथवर निभावलं असेल तर आता तुमच्या मताला धक्का नाही. मी तिथवर कपाळाची आठी धरून आलो होतो. पोह्यांची बशी रिकामी झाली होती, आणि मित्र सुईकडे न बघता माझ्या पायाकडे बघत होता. पाय हलत होता. असं झालं तर घाबरू नका, पाय लगेच थांबवूही नका, त्याने कबुली दिल्यासारखं होतं. दोन ठोके आणखी हलू द्या, मग उठता उठता म्हणा, "तुझे स्पीकर चांगले आहेत रे. नवीन घेतलेस का?"