नळाच्या पाण्याला वास येतोय? येऊ दे

पावसाळा तोंडावर आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: ‘नळाच्या पाण्याला येणारा ब्लीचिंगचा वास म्हणजे विष, त्यानं कॅन्सर होतो. त्यापेक्षा विहिरीचं, बोअरचं पाणी निसर्गानं गाळलेलं, शुद्ध. नळाचं वापरायचंच असेल तर टाकीत साठवा, तुरटी फिरवा. तळ दिसला की पाणी शुद्ध झालं. मात्र चोवीस तासांनी ते शिळं होतं, ओतून द्या.’ खाली ‘आपल्या माणसांसाठी पुढे पाठवा’. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो, पण ह्या सल्ल्यानं घरातली लहान मुलं आजारी पडू शकतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘वास म्हणजे विष.’ पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक (आयएस १०५००) सांगतं की, क्लोरीन घातलेलं पाणी ग्राहकापर्यंत पोचतं तेव्हा त्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा आहे ५ मिलिग्रॅम. हलका वास येतो म्हणजे हे राखणीचं क्लोरीन अजून पाण्यात आहे. कॅन्सरची गोष्ट पूर्ण हवेतून आलेली नाही. पाण्यातल्या कुजक्या पालापाचोळ्याशी क्लोरीनचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेन नावाची द्रव्यं तयार होतात, आणि वर्षानुवर्षं जास्त प्रमाणात ती पोटात जाणं चांगलं नाही. म्हणूनच त्यांच्यावरही मर्यादा घातलेली आहे. पण हा धोका जंतू न मारलेल्या पाण्याच्या धोक्यापुढे फारच लहान आहे, असं हीच संघटना स्पष्ट सांगते. कॉलरा, कावीळ, विषमज्वर यांना वर्षं लागत नाहीत.

आणि आपल्याकडे ह्या क्लोरीनची गरज जरा जास्तच आहे. राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी शुद्धीकरण होऊनच बेळगावात येतं. अडचण त्यापुढे आहे. बऱ्याच वस्त्यांत पाणी काही दिवसांआड सुटतं. मधल्या काळात जमिनीखालची पाइप रिकामी पडते, आत दाब उरत नाही. पाइप गटारीच्या कडेनं गेलेली असेल आणि एखादा सांधा पाझरत असेल, तर बाहेरचं पाणी त्या फटीतून आत शिरतं. त्यात आपण काय करतो? पाणी सुटलं रे सुटलं की नळाच्या लाइनलाच मोटर लावतो. मोटर पाइपमधलं पाणी ओढते, पाणी कमी पडलं की फटीतून गटारीचंही ओढते, आणि ते फक्त आपल्याच संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या टाकीत, येत नाही, शेजाऱ्यांच्या नळालाही जातं. थेट लाइनला मोटर लावायला बंदी आहे ती सगळ्यांना सारखं पाणी मिळावं म्हणून, असं बहुतेकांना वाटतं. आरोग्याचं कारण तितकंच मोठं आहे.

शेजारच्या हुबळी-धारवाडमध्ये ह्याचा नीट अभ्यास झालाय, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. तिथे काही वॉर्डांत चोवीस तास पाणी होतं, बाकीच्या भागात काही दिवसांआड. चोवीस तासवाल्या नळांच्या ०.७ टक्के नमुन्यांत ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू सापडले. खंडित पुरवठ्याच्या नळांत हेच प्रमाण होतं ३१.७ टक्के. पावसाळ्यात खंडित पुरवठ्याचं पाणी आणखी बिघडलं. तेव्हा पाणी सुटल्यावर पहिल्या काही बादल्या पिण्यासाठी धरू नका, धुण्याभांड्याला घ्या. आणि नेहमी येणारा वास एखाद्या दिवशी अजिबात आला नाही, तर काळजी त्या दिवशी करायची.

‘विहीर, बोअर शुद्ध.’ बेळगावच्या जुन्या वाड्यांतल्या विहिरींनी उन्हाळ्यांत लोकांना जगवलंय, त्यांचा मान आहेच. पण आता शोषखड्डे आणि गटारी त्यांच्या शेजारी आल्यात. मुरमातून झिरपलेलं पाणी दिसायला नितळ असतं, जंतूंची खात्री मात्र देता येत नाही. शेताजवळच्या बोअरमध्ये खताचं नायट्रेट उतरतं. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटल्यावर त्याचं प्रमाण वाढतं, आणि तान्ह्या बाळांना ते घातक ठरतं. तपासणी करून घेतल्याशिवाय बोअरचं पाणी पिऊ नये.

‘तळ दिसला की शुद्ध.’ तुरटी गाळ खाली बसवते, आणि गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्ची पडतं, म्हणून आधी गाळ बसवणं चांगलंच. पण तुरटीनं जंतू मरतील ह्या भरवशावर राहता येत नाही. गाळ बसल्यावर वरचं पाणी काढून घ्या आणि खळखळून उकळी आल्यावर निदान एक मिनिट तसंच उकळू द्या.

ज्या टाकीत साठवा म्हणतात ती एकदा उघडून बघा. गच्चीवरच्या सिंटेक्सच्या तळाशी तांबूस गाळाचा थर बसलेला असतो, भिंतीवर बोट फिरवलं तर बुळबुळीत लागतं, झाकणाचा काठ तुटलेला असतो आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाला जाळी नसते, तिथून पाल आत जाते. हुबळी-धारवाडच्या त्याच अभ्यासात घरात साठवलेलं पाणी थेट नळाच्या पाण्यापेक्षा जास्त दूषित निघालं, चोवीस तास पाणी असलेल्या घरांतसुद्धा. संपचं तोंड अंगणाच्या पातळीवर असेल तर पावसाचं पाणी सरळ आत जातं. कडेनं वीतभर बांध घालून घ्या. टाकी घासून, गाळ काढून, हजार लिटर पाण्याला दीडशे ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर घालून काही तास ठेवा, मग ते सगळं पाणी सोडून द्या आणि टाकी धुऊन घ्या. एरवी पिण्याच्या पाण्यासाठी हजार लिटरला अडीच ग्रॅम पुरते: बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळी टाकीत ओतायची आणि तासभर थांबायचं. पावडर उघडी राहिली असेल तर तिचा जोर गेलेला असतो.

‘चोवीस तासांनी शिळं.’ चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या घराला हा सल्ला म्हणजे शिक्षा आहे. भात शिळा होतो तसं पाणी होत नाही. झाकलेल्या स्वच्छ भांड्यातलं पाणी पुढचं पाणी येईपर्यंत चालतं. ते बिघडतं आपल्या हातानं, माठात तांब्या बुडवताना बोटं बुडतात तेव्हा. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा, नाहीतर तोटीचा माठ घ्या.

उघड्या पिंपाची भीती मात्र खरी आहे. डेंग्यूचा डास ह्याच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. कर्नाटक सरकारनं २०२४ मध्ये डेंग्यूला साथीचा रोग म्हणून जाहीर केलं. आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतली बाजू काथ्यानं घासायलाच हवी. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही कित्येक महिने टिकतात.